‘गोड’ दुखते तेव्हा

दुखण्याला शब्द देण्याच्या बाबतीत मराठी कृपण नाही. दाढ ठणकते, गळू ठसठसते, खरचटलेले चुरचुरते, काटा सलतो; पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, पोटऱ्या वळतात, डोके भणभणते; आणि ताप येण्याआधी अंग कसकसते, मोडून येते. यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही, हे भाषेच्या अध्यापकांना सांगायला नको. इंग्रजीत आजाराला शब्द तोकडे पडतात, अशी तक्रार व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ मधील ‘ऑन बीइंग इल’ या निबंधात केली होती. पुढे १९७५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने रुग्ण वेदनेसाठी जे शब्द वापरतात त्यांचीच एक प्रश्नावली तयार केली, आणि ती ‘मॅगिल प्रश्नावली’ या नावाने जगभर वापरली जाऊ लागली. निदानाची सुरुवात शब्दापासून होते, हे वैद्यकशास्त्रानेही अशा रीतीने मान्य केले आहे.

या सगळ्यामागे एक गृहीत मात्र आहे. सांगणारा आणि ऐकणारा एकाच भाषेतले असावेत, हे ते गृहीत. ते जिथे लागू पडत नाही अशी एक जागा नागपूरच्या अगदी शेजारी आहे, आणि तिथे ही उणीव मुलांच्या जिवाशी येते, असे आमच्या ध्यानात आले. त्याविषयी थोडे लिहावयाचे आहे.

कामठी, कन्हान, कोराडी या पट्ट्यात वीटभट्ट्या आहेत. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीजकेंद्रांची राख मातीत मिसळून इथे विटा पाडतात. दिवाळी आटोपली की छत्तीसगडमधून, बालाघाट-शिवनीकडून, तसेच भंडारा-गोंदियातूनही कुटुंबेच्या कुटुंबे येतात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत राहतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने मिळते, म्हणून काम सबंध घराचे असते. पहाटेच्या अंधारात आईबाप विटा पाडायला बसतात. मुले अर्धवट वाळलेल्या विटा पालथ्या घालतात, पाणी आणतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात. राहायला कच्च्या विटा रचून केलेले खोपट असते, त्यात मोठ्या माणसाला ताठ उभे राहता येत नाही. आम्ही दोघे-तिघे मराठीचे अध्यापक काही हिवाळे शनिवारी आमच्या विद्यार्थ्यांना घेऊन अशा एका भट्टीवर आणि तिच्या जवळच्या शाळेत जात होतो. हेतू साधा होता. गोष्टी सांगायच्या, मुलांच्या गोष्टी ऐकायच्या.

त्या शाळेत आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा होता. तो सारखा पाणी मागे, सारखा लघवीला जाऊ का म्हणून विचारी, आणि थंडीच्या दिवसांत आठवड्यातून दोन-तीनदा गैरहजर असे. दोन शिक्षक आणि चार वर्ग अशी ती शाळा. “काहून रे, घडीघडी बाहेर जाचं असते तुले?” एवढाच प्रश्न त्याच्या वाट्याला येई. एका शनिवारी तो भिंतीला टेकून बसला होता. काय होते म्हणून गुरुजींनी विचारले तेव्हा तो म्हणाला, “गोड़ पिरावत हे.” वर्गात हशा पिकला. गोड कसे दुखेल? गुरुजीही हसले, त्यात दुष्टावा काही नव्हता.

आमच्याबरोबर आलेल्या विद्यार्थिनींपैकी एक हसली नाही. तिचे आजोबा राजनांदगावकडून येऊन नागपुरात एम्प्रेस मिलमध्ये लागले होते, आणि घरात आजीची बोली अजून कानावर पडत होती. ती त्याच्याजवळ जाऊन बसली आणि तिने त्याच्याच बोलीत विचारले, “कोन गोड़ पिरावत हे, बाबू?” त्याने दोन्ही पाय पुढे केले.

छत्तीसगढीत ‘गोड़’ म्हणजे पाय. हिंदी लेखनात त्या ‘ड’खाली टिंब येते, कानाला मात्र तो शब्द आपल्या ‘गोड’सारखाच लागतो. ‘पिराना’ हे क्रियापद पीडेच्याच कुळातले आहे, म्हणजे आपल्याला अगदीच परके नव्हे. ही एकच अडचण असती तर तिचा विनोद करून मोकळे होता आले असते. परंतु पुढे आम्ही मुद्दाम विचारत गेलो तेव्हा दिसले, की ‘मूड़’ म्हणजे डोके आणि ‘जाड़’ म्हणजे थंडी. ‘मूड़ पिरावत हे’ ऐकणाऱ्याला वाटावे की पोराचा मूड गेला आहे. ‘जाड़ लागत हे’ म्हणून हुडहुडी भरल्याचे सांगावे, तर ऐकणाऱ्याच्या मनात जाडेपणा यावा. पाय, डोके, थंडी वाजणे. मूल आजारी आहे हे ज्या तीन गोष्टींवरून घरात सर्वांत आधी कळते, नेमक्या त्या तिघींचे शब्द मराठी कानाला फसवतात. ते पूर्णपणे अनोळखी असते, तर ऐकणाऱ्याने निदान पुन्हा विचारले असते. ओळखीचे वाटतात म्हणूनच कोणी विचारत नाही.

मुलाला ग्रामीण रुग्णालयात नेण्यात आले. आधी साधी विद्राव्यता चाचणी झाली, मग इलेक्ट्रोफोरेसिस. त्याला सिकलसेलचा आजार होता.

*

हा आजार रक्तातील हिमोग्लोबिनचा आहे. त्याच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे येते, आणि तेवढ्याने लाल पेशी प्राणवायू सोडल्यावर विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत मोडते. म्हणून मूल पांढुरके दिसते, त्याचे डोळे पिवळे होतात. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हातापायांत, पाठीत, छातीत असह्य कळा सुरू होतात. थंडी, अंगातील पाणी कमी होणे, जंतुसंसर्ग, अतिश्रम ही त्याची नेहमीची निमित्ते. मूत्रपिंडे पाणी नीट धरून ठेवू शकत नाहीत, म्हणून अशा मुलाला वरचेवर पाणी प्यावे लागते आणि वरचेवर लघवीला जावे लागते. म्हणजे त्या वर्गात ज्याला खोडी समजले जात होते, ती खोडी नव्हती. ते त्याचे औषध आणि त्याचे लक्षण होते. आता नागपूरचा डिसेंबर, कच्च्या विटांचे खोपट, पहाटेचे काम आणि पुढे पंचेचाळीस अंशांकडे जाणारा मे महिना एकापुढे एक ठेवून पाहावे. या आजाराला चिथावणारे जे जे म्हणून आहे ते सारे भट्टीच्या हंगामात ओळीने येते.

पांढुरके मूल म्हणजे लोहाची कमतरता, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के आहे, की लोहाची गोळी दिली म्हणजे काम झाले असे वाटते. डोळे पिवळे दिसले की कावीळ म्हणायचे आणि झाडपाल्याचे औषध आणायचे. दोन्ही ठिकाणी एक रक्तचाचणी पुरे होते. फक्त ती करावी असे कुणाच्या तरी मनात यावे लागते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे. हा आजार बाहेरच्यांनी आणला, असे म्हणायला कोणालाही जागा नाही. पूर्व विदर्भातील आदिवासी, दलित आणि इतर मागास समाजांत तो पूर्वीपासून आहे. मलेरियाच्या प्रदेशात वाहकांना मिळणाऱ्या संरक्षणामुळे तो टिकून राहिला. नागपुरातच संपत रामटेके यांनी स्वतःच्या मुलाच्या आजारातून वाट काढत सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी अभिप्रेत आहे, आणि मुदत २०४७ ची आहे. योजना आहेत, माहिती आहे, शहरात तज्ज्ञही आहेत.

तरीही या आजाराच्या इतिहासात स्थलांतरिताची सावली आरंभापासून आहे. पाश्चात्य वैद्यकात त्याची पहिली नोंद १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी केली. तो रुग्ण कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला विद्यार्थी होता. भारतात १९५२ मध्ये ज्या पहिल्या नोंदी झाल्या त्यांतली एक वरच्या आसामातील चहामळ्यांच्या मजुरांविषयी होती, म्हणजे मध्य व पूर्व भारतातून तिकडे नेलेल्या लोकांविषयी. आजार मूळ गावी होताच; परक्या ठिकाणी तो परक्या डोळ्यांना दिसला. घानातील डॉक्टर कोनोटे-आहुलू यांनी पुढे दाखवून दिले, की पश्चिम आफ्रिकेच्या भाषांत या दुखण्याला फार पूर्वीपासून नावे होती. गा भाषेतले नाव ‘च्वेच्वेच्वे’ असे काहीसे आहे. ठसठसणे म्हणताना आपण जसा नाद दुहेरी करतो, तसेच पुन्हापुन्हा येणाऱ्या कळेचे हे नादचित्र. वैद्यकाच्या वहीत नाव चढण्याआधी ते आयांच्या तोंडी होते.

*

‘परप्रांतीय’ हा शब्द आपण सहज वापरतो. छत्तीसगड भोसल्यांच्या राज्यात होते. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला तेव्हा छत्तीसगड त्यात आले आणि राजधानी नागपूर होती; १९५० नंतर ज्याला मध्य प्रदेश म्हटले जाऊ लागले त्याचीही राजधानी १९५६ पर्यंत नागपूरच. १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढच्या दशकात छत्तीसगडकडे जाणारा लोहमार्ग झाला, आणि माणसे येत राहिली. राजनांदगावहून येणारा मजूर तेव्हा आपल्याच प्रांताच्या राजधानीत येत होता. तो परप्रांतीय झाला १ नोव्हेंबर १९५६ रोजी, जागचा न हलता. त्याच्या बोलीचे सरकारी कागदांवरील स्थान मात्र दोन्ही काळांत सारखेच नगण्य राहिले.

याच शहराने दुसरेही एक स्थलांतर पाहिले आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, जरीपटका आणि खामला येथे वसले. सिंधी समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा अधिक आहे, आणि आज जरीपटक्यातच थॅलेसेमिया व सिकलसेलच्या मुलांसाठी उपचारकेंद्र आहे. हाल त्यांनीही कमी सोसले नाहीत. परंतु त्यांना पत्ता मिळाला. पत्ता मिळाला की शाळा निघते, संस्था निघते, रक्तदानाची शिबिरे भरतात, आणि घरातले दुखणे सार्वजनिक प्रश्न होऊ शकते. भट्टीवरच्या कुटुंबाला पत्ताच नाही. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आपण गमतीने वापरतो. त्या बिऱ्हाडात औषधाची बाटली कुठे ठेवायची, हे म्हण सांगत नाही.

आपल्या शाळेची व्यवस्था मूल एका जागी बसलेले आहे असे धरून चालते. महाराष्ट्रात शिक्षकसंख्या ठरवायला ३० सप्टेंबरचा पट धरतात. भट्टीवरची मुले नोव्हेंबरात येतात. त्या तारखेला ती छत्तीसगडच्या पटावर असतात आणि प्रत्यक्षात तिथे राहतात जेमतेम आणखी महिनाभर. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते. ते इकडे दिवाळीपूर्वी येऊन गेले आणि तिकडे दिवाळीनंतर पोचले, तर मूल दोन्हीकडून निसटते. माध्यान्ह भोजनात प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा दंडक आहे; पण धान्य उपस्थितीच्या हिशेबाने येते आणि उपस्थिती पटावरच्या नावापुढेच मांडता येते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो, की दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही, आणि मुलाला वयानुरूप वर्गात बसवले पाहिजे. कायदा चांगला आहे. परंतु तो मुलाला वर्गात आणून बसवतो. त्याच्यामागून त्याच्या रक्ताचा अहवाल येईल याची तजवीज त्यात नाही. शिधापत्रिका एका राज्याची दुसऱ्या राज्यात चालावी, ही सोय गेल्या काही वर्षांत झाली. तांदळाला जे जमले ते मुलाच्या आरोग्यपत्रिकेला अजून नीटसे जमलेले नाही. आरोग्याच्या अंकीय ओळखीची योजना २०२१ मध्ये देशभर सुरू झाली आहे, पण तिचा उपयोग होण्यासाठी घरात एक चालू फोन आणि पलीकडे विचारणारा एक माणूस लागतो.

त्या मुलाला कार्ड मिळाले, गोळ्या सुरू झाल्या. त्याच्या आईने ते कार्ड आधारकार्डांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवले. वर्गात त्याच्या शेजारी पाण्याची बाटली आली, आणि विचारल्यावाचून बाहेर जाण्याची मुभा गुरुजींनी स्वतःहून दिली. त्या फेब्रुवारीत तो बराच हजर राहिला. मे अखेरीस कुटुंब गावी परतले. पुढच्या हंगामात ते या भट्टीवर आले नाही. मुकादमाने दुसरीकडे नेले, एवढेच कळले. कुठे, ते कोणाला सांगता आले नाही.

*

साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे हे मांडण्याचे कारण आता सांगावयास हवे. भटक्या जगण्यातले मूल मराठी साहित्याला अपरिचित नाही. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ चा, अशोक पवार यांचे ‘बिराड’ आपल्यापैकी अनेकांनी वाचले, शिकवले आहे. या पुस्तकांनी मराठीला एक बालपण दाखवले, जे तिने आधी पाहिले नव्हते. मात्र वर्गात ती शिकवताना एक गोष्ट आमच्याकडून क्वचितच बोलली जाते. आत्मकथन लिहिणारा हा वाचलेला असतो. शाळेतून गळला नाही, आजारात गेला नाही, म्हणून तो लिहू शकला. त्याच्या शेजारच्या खोपटातले जे मूल पाचव्या वर्षी ‘तापाने’ गेले, त्याचे पुस्तक नाही. ते आपल्याला वाचता येणार नाही. ऐकता मात्र येते, आणि तेही ते जिवंत असतानाच.

उपराच्या कळवळ्याने भारावलेल्या विद्यार्थ्याला भट्टीवर काय करता येईल, असा प्रश्न आमच्या वर्गात निघाला तेव्हा उत्तर त्या विद्यार्थिनीनेच दिले. तिने आजीला विचारून एक कागद तयार केला. डावीकडे छत्तीसगढी, उजवीकडे मराठी. गोड़ म्हणजे पाय, मूड़ म्हणजे डोके, जाड़ लागणे म्हणजे थंडी वाजणे, पिराना म्हणजे दुखणे. आजीला एकेका दुखण्यासाठी आणखीही शब्द आठवत गेले. काहींना मराठी प्रतिशब्द सापडले, काहींपुढे वाक्ये लिहावी लागली. साठ-पासष्ट शब्द झाले. आमच्या मराठी विभागात बोलीकोशाच्या नावाखाली शेतीची अवजारे आणि लग्नाची गाणी जमवण्याची जुनी चाल आहे, आणि ती चांगलीच आहे. दुखण्याचे शब्द जमवावेत असे आजवर कोणाला सुचले नव्हते. त्या कागदाच्या प्रती आम्ही शाळेत, अंगणवाडीत आणि आरोग्य उपकेंद्रात दिल्या. आशाताईंनी त्यात स्वतःच्या हाताने चार शब्द वाढवले.

हे फार मोठे काम आहे, असा आमचा दावा नाही. उचल फेडण्यासाठी सबंध घराला राबावे लागते, तोवर कोणताही कोश त्या मुलाला उबदार घर देणार नाही, आणि दोन राज्यांच्या आरोग्यखात्यांनी करावयाचे काम मराठी विभागाने करावे असेही नाही. परंतु रोग्याच्या शब्दापासून डॉक्टरच्या शब्दापर्यंतचा रस्ता भाषेतून जातो, आणि भाषा हा आपला विषय आहे. विदर्भातल्या महाविद्यालयांत छत्तीसगढी, गोंडी, तेलुगू, बंगाली घरांतून आलेले विद्यार्थी बसतात. प्रमाण मराठीत उत्तरपत्रिका लिहिताना ते ही दुसरी भाषा दाराबाहेर ठेवून येतात, कारण तिला गुण नाहीत. ती भाषा त्यांनी वर्गात आणावी, तिच्यात अंग कसे दुखते ते लिहून काढावे, असा एक स्वाध्याय देणे आपल्या हातात आहे. हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, म्हणजे पहिल्या सत्रात तो देता येईल.